हृदय आणि रक्तवाहिन्यांवरच्या संशोधनाला सरकारी निधी: पहिला अर्ज भरताना

मेडिसिनच्या ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हा पेशंट भेटलेला असतो. पन्नाशी ओलांडलेली, शुगर दहा वर्षांची, आणि तक्रार अशी: "जरा चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं." आपण शुगर बघतो, गोळ्या लिहितो आणि पुढचा नंबर बोलावतो. पण पायाकडचा रक्तपुरवठा कमी झाल्याची ती खूण असू शकते, आणि ज्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही धोक्यात असतात. तुमच्या तालुक्यात असे किती जण आहेत? त्यांतल्या किती जणांचे पाय आजवर कुणी तपासले? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर कागदावर नाही. सरकारी निधी अशाच प्रश्नांसाठी असतो आणि तो मागायला मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतच असावं लागतं असं नाही.

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी दोन-तीन तरुण सहकारी आपला पहिला अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. वर पोटऱ्यांचं उदाहरण घेतलं, तेच शेवटपर्यंत चालवते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

आधी प्रश्न लहान करा

नवख्यांचे बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. "ग्रामीण भागातील हृदयरोगाच्या जोखमीच्या घटकांचा अभ्यास" अशा शीर्षकाचा माझाही पहिला प्रस्ताव होता आणि तो परत आला. परीक्षकांचं म्हणणं रास्त होतं: घटक कोणते, माणसं कोणती, मोजणार कशानं आणि उत्तर मिळाल्यावर काय बदलणार, यातलं काहीच त्यातून कळत नव्हतं.

आजार मोठा आहे हे परीक्षकांना पटवत बसावं लागत नाही. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० साली १५.२ टक्के होता, तो २०१६ साली २८.१ टक्के झाला. हा हिशेब स्वतः आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, सहभागाने झालेला आहे. त्यावर प्रस्तावात दोन वाक्यं पुरेत, दोन पानं नकोत. पानं खर्च करायची ती नेमकं काय माहीत नाही हे दाखवायला.

नेमकेपणा म्हणजे काय, याचं माझं आवडतं उदाहरण आहे 'क्रिएट' ही तीव्र हृदयविकाराच्या रुग्णांची भारतीय नोंदणी. देशभरातल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ रुग्ण त्यात होते आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक साधा प्रश्न असा, की छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत किती वेळ जातो? मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या आत आले तो आकडा, निघाला ३६० मिनिटं. सहा तास! या एका आकड्यावरून रुग्णवाहिकेपासून तालुक्याच्या रुग्णालयात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन ठेवण्यापर्यंत कितीतरी गोष्टींची चर्चा करता येते. आपल्याकडचंच दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. तिथल्या ८६ गावांत घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारली, तेव्हा शंभरातले चौदा मृत्यू पक्षाघाताचे निघाले आणि तेच मृत्यूचं पहिलं कारण ठरलं. गडचिरोलीत असं असेल, हे कुणी गृहीत धरलं नव्हतं. दोन्ही ठिकाणी प्रश्न एका ओळीत मावतो.

आपलंही एका ओळीत लिहू: "आमच्या रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत येणाऱ्या, ४० वर्षांवरच्या रुग्णांपैकी किती टक्के लोकांना पायाच्या धमन्यांचा आजार आहे, आणि त्यांतल्या किती जणांना त्याचं निदान आधी झालेलं होतं?" यात माणसं आहेत, जागा आहे, मोजमाप आहे. शेजारच्या नर्सला वाचून दाखवा. तिला एकदम कळलं तर प्रश्न तयार झाला.

दार कोणतं ठोठवायचं

रुग्णांवरच्या, समाजातल्या आणि आरोग्यसेवेच्या अभ्यासांसाठी पहिलं दार आयसीएमआरचं. १९११ साली निघालेली ही संस्था संस्थेबाहेरच्या संशोधकांनाही निधी देते. अलीकडच्या आवाहनांत, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातींत, लहान अनुदान २ कोटी रुपयांपर्यंत आणि तीन वर्षांसाठी असतं. त्यावरचं मध्यम अनुदान ८ कोटींपर्यंत जातं. "लहान" या शब्दाने फसू नका. आपल्या उदाहरणाला २ कोटींचा पाव भागसुद्धा लागणार नाही आणि तेवढाच मागितला तर तो तुमच्या बाजूने मोजला जातो. अर्ज ईपीएमएस या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो.

प्रयोगशाळेतलं काम असेल, हृदयाच्या पेशी, प्रथिनं, जनुकं, तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि एएनआरएफ ही दारं आहेत. एएनआरएफ हे २०२३ च्या कायद्याने आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. पूर्वीचं एसईआरबी हे निधी देणारं मंडळ त्यातच विलीन झालं. म्हणून जुन्या सिनियर लोकांनी "एसईआरबीला टाक" म्हटलं तर ते आता इथे टाकायचं. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांसाठी तिथे वेगळी योजना आहे. उपकरण बनवायचं असेल, स्टेंट, व्हॉल्व्ह, घरी वापरायचं ईसीजी यंत्र, तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान विभागाच्याच कंपनीचं 'बिग' नावाचं अनुदान बघा: ५० लाखांपर्यंत, १८ महिने. सरकारी पैशातून उपकरण उभं राहू शकतं का, अशी शंका असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा चित्रा व्हॉल्व्ह आठवा. डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसवला गेला आणि तेव्हापासून परदेशी व्हॉल्व्ह न परवडणाऱ्या कितीतरी रुग्णांना त्याचा आधार मिळाला.

विद्यार्थ्यांनी मोठ्या दारापाशी घुटमळू नये. एमबीबीएसवाल्यांसाठी आयसीएमआरची एसटीएस शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे: दोन महिन्यांचं काम, एक गाइड, एक छोटा अहवाल. एमडी-एमएस करणाऱ्यांना प्रबंधासाठीही आयसीएमआर अर्थसाहाय्य देते. असा एखादा लहान प्रकल्प वेळेत पुरा करून त्यावर एक लेख प्रसिद्ध झालेला असला, की पुढच्या अर्जात "पूर्वीचं काम" या रकान्यात लिहायला काहीतरी खरं असतं.

खासगी संस्था आणि स्वयंसेवी संस्थाही आयसीएमआरकडे अर्ज करू शकतात, मात्र डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. मुख्य संशोधक, ज्याला सगळे पीआय म्हणतात, तो संस्थेत नियमित नोकरीत असावा लागतो. कंत्राटी पदावर असाल तर नियमित पदावरच्या सहकाऱ्याला पीआय करून तुम्ही को-पीआय, म्हणजे सहसंशोधक, व्हा. भांडण होऊ नये म्हणून लेखावर नाव कोणत्या क्रमाने येणार हे आधीच लिहून ठेवा.

तारीख उलटी मोजा

शास्त्र लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ सह्यांना लागतो. अधिष्ठात्यांची सही, सगळ्या को-पीआयच्या सह्या, लेखा विभागाचं पत्र, आधी सायंटिफिक कमिटीची आणि मग एथिक्स कमिटीची मंजुरी. आयसीएमआरच्या अर्जात घोषणापत्राचं एक पान असतं. त्यावर पीआय, को-पीआय आणि संस्थाप्रमुख यांच्या सह्या आणि शिक्के लागतात. दुसऱ्या संस्थेतला को-पीआय असेल तर त्याच्या संस्थेचंही पत्र हवं.

शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. दोन दिवस आधी अर्ज सबमिट झालेला असावा, कारण शेवटच्या संध्याकाळी पोर्टल अडखळतं. त्याच्या दहा दिवस आधी सगळ्या सह्या हातात. त्याच्या दोन आठवडे आधी फाइल बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कक्षात, गेलेली, जावक क्रमांक वहीत टिपलेला. त्याच्या महिनाभर आधी पहिला खर्डा. आवाहन आल्यावर लिहायला बसलात तर यातलं काहीच बसत नाही. म्हणून खर्डा आवाहनाची वाट न बघता लिहून ठेवायचा. माझी एक विद्यार्थिनी उत्तम प्रस्ताव घेऊन तयार होती, पण सही करणारे वरिष्ठ रजेवर होते आणि त्यांचा कार्यभार कुणाकडे आहे हे कुणी विचारलंच नाही. वर्ष गेलं. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते: सही करणारे कोण, आणि ते नसतील तेव्हा कोण?

आकडा कुठून आणलात?

परीक्षक पद्धतीचा भाग उघडतात तेव्हा पहिली नजर सॅम्पल साइझवर, म्हणजे किती रुग्ण तपासणार त्या आकड्यावर, जाते. प्रमाण शोधायच्या अभ्यासाचं सूत्र सोपं आहे: ४ गुणिले प्रमाण गुणिले (१०० वजा प्रमाण), भागिले किती चूक चालेल त्या आकड्याचा वर्ग. अडचण सूत्रात नाही, त्यात घालायच्या प्रमाणात आहे.

चेन्नईच्या एका शहरी पाहणीत मधुमेहींमध्ये पायाच्या धमन्यांच्या आजाराचं प्रमाण ६.३ टक्के आढळलं होतं. म्हणून कुणी ६ टक्के धरतो, चूक ४ टक्के धरतो आणि १४१ रुग्ण काढून मोकळा होतो. आता याचा अर्थ बघा: उत्तर २ ते १० टक्क्यांत कुठेही असू शकतं. असं उत्तर कुणाच्या कामाचं? चूक मूळ प्रमाणाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात ठेवावी. ६ टक्क्यांना दीड टक्का चूक धरली, तर ४ × ६ × ९४ भागिले २.२५, म्हणजे १,००३ रुग्ण लागतात.

पण चेन्नईची पाहणी वस्तीतली होती, आपली ओपीडीतली आहे. ओपीडीत आजार जुना झालेले, त्रास होतोय म्हणून आलेले लोक जास्त असतात. मग आपल्याच ओपीडीत आधी ५० जण तपासून बघावेत. समजा त्यांत १० जणांना आजार निघाला. प्रमाण २० टक्के, चूक ४ टक्के: ४ × २० × ८० भागिले १६, म्हणजे ४००. दहा टक्के लोक अर्ध्यात सोडतील असं धरून ४४५. हा आकडा कुठून आला ते आता तुम्हाला सांगता येतं. या ५० जणांच्या तपासणीलाही एथिक्स कमिटीची परवानगी लागते, हे विसरू नका. आणि अभ्यास ओपीडीऐवजी गावागावांत करणार असाल तर एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे संख्या वाढवावी लागते, कधी दुप्पटही. इथे संख्याशास्त्रज्ञाला को-पीआय करून घ्या. नुसतं आभारात नाव नको. प्रस्ताव लिहितानाच त्यांना शेजारी बसवा.

मोजणार कसं

पद्धत लिहिताना एवढी बारीक लिहा, की दुसऱ्या गावातल्या टेक्निशियनने वाचून तसंच मोजावं. आपल्या अभ्यासात एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजायचं आहे. पेशंटला उताणं झोपवायचं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर पट्टा बांधायचा. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे जेली लावून छोट्या डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, नाडीचा आवाज शोधायचा, पट्टा फुगवत आवाज बंद करायचा, मग हळूहळू हवा सोडत आवाज परत येतो त्या क्षणाचा आकडा लिहायचा. घोट्याचा जास्तीचा आकडा भागिले दंडाचा जास्तीचा आकडा. ०.९० किंवा त्याखाली आला तर धमनी अरुंद झालेली आहे असं धरतात.

मधुमेहाचा अभ्यास आहे म्हटल्यावर परीक्षक इथे एक प्रश्न विचारणारच. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती कडक होते आणि पट्ट्याने दबत नाही. मग गुणोत्तर खोटंच मोठं येतं, १.४० च्याही वर. अशा पेशंटचं काय करणार? त्यांना "नॉर्मल" म्हणून सोडलं तर अभ्यासच चुकला. पायाच्या अंगठ्याचा दाब मोजू, असं उत्तर आधीच लिहून ठेवा आणि त्याला लागणारा छोटा पट्टा बजेटमध्ये टाका. आपल्या पद्धतीतली कमजोरी आपण आधी सांगितली, की परीक्षकांचा विश्वास बसतो.

वेळापत्रकही याच हिशेबातून निघतं. एका पेशंटला २०-२५ मिनिटं लागतात. सकाळच्या ओपीडीत एक टेक्निशियन आठ जण तपासेल. मधुमेह ओपीडी आठवड्यातून दोनदा, म्हणजे सोळा. ४४५ जणांना २८ आठवडे. त्यात पेरणीचे दिवस, दिवाळी आणि टेक्निशियनची रजा धरा. दहा महिने लिहा. "सहा महिन्यांत संकलन पूर्ण" असं उगाच लिहिलं तर पुढे तुम्हीच मुदतवाढ मागत बसाल.

एथिक्स आणि संमतीपत्र

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा तरी पूर्ण वाचा. काही आवाहनांत एथिक्स कमिटीचं पत्र नंतर चालतं, पण पैसे सुटण्याआधी ते लागतंच. तुमच्या अभ्यासात औषध, उपकरण किंवा कुठलाही उपचार देऊन तुलना असेल, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी करा. ती मोफत आहे. पेशंट घेतल्यावर मागाहून केलेली नोंदणी २०१८ पासून स्वीकारत नाहीत. अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला मित्र सहसंशोधक म्हणून येत असेल, त्याचा निधी किंवा रक्ताचे नमुने तिकडे जाणार असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, एचएमएससीची, वेगळी मंजुरी लागते. परदेशातल्या मराठी डॉक्टरांना गावाकडच्या कामात मनापासून रस असतो आणि तो स्वागतार्हच आहे, पण हा टप्पा त्यांना पहिल्याच फोनवर सांगा.

मराठी संमतीपत्राकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. इंग्रजी मजकूर कुणाकडून तरी शब्दशः भाषांतर करून घेतात आणि "परिघीय धमनी व्याधी" असं काहीतरी पेशंटच्या हातात पडतं. त्याऐवजी लिहा: "शुगर असलेल्या काही लोकांच्या पायाकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या आतून अरुंद होतात. तुमच्या तशा झाल्या आहेत का, हे आम्ही दंडाला आणि पायाला पट्टा बांधून बघणार आहोत. सुई टोचणार नाही. पट्टा आवळला की थोडा वेळ रग लागेल. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील." ओपीडीच्या बाकावर बसलेल्या दोघांना वाचून दाखवा. जिथे ते "म्हणजे काय?" विचारतील ते वाक्य बदला.

बजेट

तीन वर्षांच्या अशा प्रकल्पात सगळ्यात जास्त पैसा माणसांवर जातो आणि तसाच जायला हवा. पदांची नावं आणि पगार तुम्ही ठरवायचे नसतात. आयसीएमआरच्या ठरलेल्या पदांतून निवडायचे. बाकी यंत्र, खर्चाच्या वस्तू, प्रवास, किरकोळ खर्च. प्रत्येक ओळीपुढे "का" लिहा. "डॉपलर २ नग: एक वापरात, एक बिघडल्यास संकलन थांबू नये म्हणून." एवढं पुरतं.

विभागाला इको मशीन, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारं यंत्र, हवं आहे म्हणून अभ्यासात इको घुसवू नका. तो मोह मी बऱ्याच विभागप्रमुखांत पाहिला आहे आणि परीक्षकांच्या तो पहिल्या पानावरच ध्यानात येतो. पेशंटच्या येण्या-जाण्याचं भाडं मात्र जरूर धरा. दुसऱ्या तपासणीला रोजगार बुडवून तो येणार आहे.

सादरीकरण, नकार आणि पुन्हा

प्रस्ताव चाळणीतून गेला तर तज्ज्ञ समितीपुढे थोडक्यात मांडायला बोलावतात, बहुधा ऑनलाइन. सात-आठ स्लाइड ठेवा. आजाराची महती एका स्लाइडमध्ये संपवा आणि पद्धतीवर थांबा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे आम्ही बघितलेलं नाही, प्रोटोकॉलमध्ये घालतो" असं सरळ सांगा.

नकार आला तर टिप्पण्या छापून घ्या आणि दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक टिप्पणीसमोर लिहा: काय बदललं, कुठल्या पानावर. पटली नसेल ती टिप्पणीही गाळू नका. का पटली नाही ते पुराव्यासह लिहा. वर सांगितलेला माझा पहिला प्रस्ताव मी असाच पुन्हा लिहिला. प्रश्न एका ओळीत आणला आणि पुढच्या खेपेला तो मंजूर झाला.

पैसे आल्यावर

सरकारी अनुदान जीएफआर २०१७ या वित्तीय नियमांनी चालतं. खरेदी बहुधा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, दरवर्षी प्रगती अहवाल आणि त्याबरोबर यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. यूसी गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही, हप्ता आला नाही तर प्रकल्पावरच्या मुलामुलींचे पगार थांबतात. निधीवर व्याज मिळालं तर तेही परत भरायचं असतं. लेखा विभागातल्या एका व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात भेटून प्रकल्प काय आहे ते समजावून सांगा. पोटऱ्या भरून येण्याची गोष्ट त्यांच्याही घरात कुणाची तरी असते, आणि एकदा ती कळली की ती फाइल त्यांना आपली वाटते.

एक कलम प्रस्तावातच असू द्या, बजेटमध्येही त्याला जागा ठेवा. ४४५ जणांत ज्यांचा आकडा ०.९० किंवा त्याखाली येईल, त्यांचं पुढे काय? २० टक्क्यांच्या अंदाजाने ते ८९ लोक असतील. त्याच दिवशी त्यांच्या हातात आकडा लिहिलेलं मराठी कार्ड जायला हवं, तंबाखू सोडण्याबद्दल बोलणं व्हायला हवं, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू करायची का हे डॉक्टरांनी बघायला हवं आणि पायाला जखम असेल तर सर्जरीच्या ओपीडीचा नंबर लावून द्यायला हवा. ही यादी कोण ठेवणार, महिन्याने फोन कोण करणार आणि पेशंट आला नाही तर आशाताईंना कोण कळवणार, या तीन कामांपुढे तीन नावं लिहा. मगच सबमिट करा.